बिजागरीचं मलम

डॉक्टरीणबाई तपासून चिठ्ठी लिहून द्यायच्या आणि ती चिठ्ठी हातात घेऊन माणूस बाहेर पडला की त्याला शेजारच्या चिंचोळ्या खोलीत जावंच लागायचं. तिथे मलमबाई बसायची. खरं तर ती इस्पितळाच्या त्वचा विभागातली परिचारिका, पण तिला परिचारिका म्हणून कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिचं काम एकच, माणसाला मलम लावायला शिकवणं. आता तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचंय काय, नळी दाबली की झालं. सगळे असंच म्हणतात, आणि म्हणूनच निम्म्या लोकांचा इसब वर्षानुवर्षं हलत नाही.

त्या खोलीत एकेक नमुने यायचे. एक आजोबा वाटाण्याएवढ्या मलमात दोन्ही पोटऱ्या भागवायचे आणि वर उरलं म्हणून कोपराला लावायचे. एक बाई मलम असं रगडायची की बघणाऱ्याला वाटावं, तवा घासतेय. एकाने औषधाचं मलम आणि साधी क्रीम एका वाडग्यात ओतून चमच्याने ढवळून ठेवली होती, म्हणे वेळ वाचतो. आणि खाज थांबल्या दिवशी नळी कपाटात टाकून, पुन्हा खाज सुटल्यावर डॉक्टरांच्या नावाने खडे फोडणारे तर रांगेने यायचे. मलमबाई सगळ्यांना खुर्चीत बसवायची आणि स्वतःची तर्जनी पुढे करायची. बोटाच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत मलमाची सरळ वळी काढायची, एवढं एका हाताच्या पंजाला पुढून-मागून पुरतं. आधी साधी क्रीम, ती मुरू द्यायची, मग औषध. रगडायचं नाही, हलक्या हाताने पसरायचं. आणि खाज थांबली म्हणून थांबायचं नाही, डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हा थांबायचं.

लोक शिकून जायचे, पुढच्या खेपेला गुळगुळीत हात दाखवायचे आणि मलमबाईचे गोडवे गायचे. तीही जरा चढली होती, आणि का चढू नये? दिवसभर लोकांची कातडी सुधारणाऱ्या माणसाने थोडी मान ताठ ठेवली तर कुणाचं काय जातं?

पण संध्याकाळी घरी आलं की ती ताठ मान आपोआप खाली यायची. कारण घरी प्रोफेसर होते.

प्रोफेसर म्हणजे तिचे सासरे. कॉलेजची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. ते जादूगार होते, आणि जादूगाराने प्रोफेसर म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. उंच टोपी, काळा कोट, लांबसडक बोटं. सासूबाई त्यांच्या पेटीतल्या बाई. म्हणजे करवतीने कापून दोन तुकडे व्हायचे आणि नंतर हसत उठून उभं राहायचं, हे काम त्यांनी लग्न झाल्यापासून बिनतक्रार केलं होतं. मलमबाईचा नवरा तेवढा या घरात विमा कचेरीत कारकून निघाला, आणि प्रोफेसरांनी ते दुःख मोठ्या मनाने पचवलं होतं.

तर या प्रोफेसरांच्या हातांना इसब झाला. दोर, नाणी, रंगवलेले रुमाल, प्रत्येक खेळाच्या आधी आणि नंतर खसाखसा धुतलेले हात, या सगळ्याने कातडी लाल झाली, जाड झाली आणि बोटांच्या सांध्यांवर चिरली. मागच्या खेळात तर नको ते घडलं. बोटांवरून चालत जाऊन हवेत विरणारं नाणं, म्हणजे त्यांचा हातखंडा खेळ, आणि ते नाणं ऐन वेळी निसटून टणटण करत पहिल्या रांगेपर्यंत घरंगळलं. पहिल्या रांगेतल्या एका कारट्याने ते उचलून परत दिलं आणि वर विचारलं, "काका, हे तुमचंच ना?" सगळं सभागृह हसलं. प्रोफेसरही हसले, पण घरी येऊन त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं की वार्षिक जलशात त्यांचा खेळ ठरलेला आहे, तेवढा करतील, आणि त्यात नाणं पुन्हा पडलं तर टोपी कायमची खुंटीला. सासूबाईंनी तोंड फिरवून घेतलं. जादू सोडल्यावर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न सगळ्या घराला पडला.

मलमबाईने तर पदरच खोचला. डॉक्टरीणबाईंकडे नेऊन औषध आणलं, आणि रोज जेवणं झाली की प्रोफेसरांना जेवणाच्या टेबलाशी बसवून स्वतः समोर बसायची. प्रोफेसर मोठे आज्ञाधारक. साधी क्रीम लावायचे, ती मुरेपर्यंत गप्पा मारायचे, मग औषधाची नळी उचलून तर्जनीवर अशी सुबक वळी काढायचे की इस्पितळात नमुना म्हणून ठेवावी. मग हातावर हात फिरायचे, बोटांत बोटं गुंफली जायची, मनगटं वळायची, आणि शेवटी दोन्ही पंजे पंख्यासारखे उघडून तिच्यापुढे यायचे. वळी गायब, हात तुकतुकीत. मग ते उठून घरात जरा शतपावली करायचे.

नळी वेळच्या वेळी संपत होती. हात मात्र होते तिथेच होते, नव्हे, अंगठ्याजवळ एक नवी चीर पडली होती.

मलमबाई चक्रावली. तिने घरातला साबण बदलला. भांडी घासायची त्यांना बंदी केली, जी त्यांनी आनंदाने पाळली. रुमालांचा रंग संशयावरून पकडला, नाणी उकळत्या पाण्यातून काढली, त्यांच्या उशीचा अभ्रासुद्धा बदलला. काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावून विचारलं, मलम नीट लावतायत ना? दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर मलमबाईनेच आधी ही शंका घेतली असती, पण इथे तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या डोळ्यांदेखत लावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मग याहून कडक औषधाचा विचार करावा लागेल, आणखी एक खेप बघू. मलमबाई आपल्या चिंचोळ्या खोलीत येऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या तर्जनीबद्दल शंका आली.

आणि मग एका सुटीच्या दुपारी ती खुर्चीत पाय वर घेऊन पेंगत असताना कुणीतरी तिच्या कानाशी विचारलं, चहा टाकू का? मलमबाई खुर्चीसकट उडाली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्या आल्याचं तिला कळलंच नव्हतं.

हे अशक्य होतं. या घरात आवाज न करता कुणाला कुठे जाताच येत नसे. स्वयंपाकघराचं दार उघडताना कुरकुरायचं, न्हाणीघराचं आधी किंचाळायचं आणि मग कण्हायचं, गॅलरीच्या दाराचा आवाज तर खालच्या मजल्यावरचे ओळखायचे. बिजागऱ्यांना तेल आणतो असं नवरा लग्नाच्या वर्षापासून म्हणत होता. मलमबाईने उठून स्वयंपाकघराचं दार उघडलं. गप्प. मिटलं, गप्प. न्हाणीघर, गप्प. कपाट, गप्प. तिने कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं आणि अखेर तेल आणलंत वाटतं, असं म्हणाली. नवऱ्याला काही माहीत नव्हतं, पण आयतं कौतुक परत करण्याइतका तो भोळा नव्हता. त्याने नुसते खांदे उडवले, जणू एवढ्या छोट्या गोष्टीचा काय बोलबाला करायचा.

मलमबाईने सहज म्हणून वरच्या बिजागरीवर बोट फिरवलं. बोटाला पांढुरकं, दाट, चिकट काहीतरी लागलं. तिने ते दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. दिवसाचे आठ तास जे मलम तिच्या बोटावर असायचं ते ती झोपेत ओळखू शकली असती. ज्या मलमाने प्रोफेसरांचे हात बरे व्हायचे, त्याने घरातली सगळी दारं बरी झाली होती.

पहिल्यांदा तिला राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम आलं आणि ठसका लागला. रोज तिच्या नाकासमोर बसून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, म्हाताऱ्याने तिला शेंडी लावली होती. आणि वर शतपावली.

ती तडक स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली. सासूबाईंना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, प्रोफेसरांच्या हातातलं काहीही त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नव्हतं. पण मलमबाईने विषय काढताच सासूबाई ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटी त्या एवढंच बोलल्या.

"पेटीत माझे पाय कुठे जातात, ते मी सख्ख्या आईला सांगितलं नाही. ती मरेपर्यंत विचारत होती. पडद्याआडचं प्रेक्षकांना सांगायचं नसतं ग."

म्हणजे मलमबाई प्रेक्षक होती. इतकी वर्षं या घरात राहून, याच टेबलावर जेवून, ती अजून तिकीट काढून आलेलीच होती. सासूबाई काळजीने झुरत होत्या, नवऱ्याचे हात चिरताना रोज बघत होत्या, पण धंद्याचा नियम मोडणं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मलमबाई क्षणभर दुखावली. पण मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रेक्षकाला सांगायचं नसेल, तर प्रेक्षक राहायचंच कशाला?

त्याच संध्याकाळी तिने प्रोफेसरांना गाठलं आणि मला जादू शिकवा असं सांगितलं.

प्रोफेसरांना काय करू नि काय नको असं झालं. मुलाने नाकारलेली विद्या सून मागत होती. त्यांनी कोट चढवला, दिवाणखान्याचे पडदे ओढले, स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत खाली आली. मग तिच्याकडून वदवून घेतलं की पडद्याआडचं पडद्याआड राहील. मग त्यांनी तिला नियम सांगितला: आजपासून ती शिष्य, आणि शिष्याने खेळ कसा झाला असं विचारलं तर गुरूने लपवायचं नाही, लपवलं तर गुरूची विद्या जाते. मलमबाईने टोपीखालून हो म्हटलं.

पहिला धडा नाण्याचा. नाणं तळव्यात असं धरायचं की बोटं मोकळी दिसली पाहिजेत. बघ, असं, म्हणून प्रोफेसरांनी हात फिरवला. नाणं निसटलं. जमिनीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि कपाटाखाली गेलं. प्रोफेसर त्या कपाटाकडे बघत राहिले. आता त्यांच्या अंगातला तो मघाचा उत्साह कुठल्या कुठे गेला, आणि कोटात एक थकलेला म्हातारा उरला. मलमबाईला त्यांची एवढी दया आली की विचारायचं ठरवलेलं गिळून टाकावंसं वाटलं. पण तिने ते गिळलं नाही.

"बाबा, मलम कुठे जातं?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. प्रोफेसरांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं. नियम त्यांनीच सांगितला होता, तोही पाच मिनिटांपूर्वी. त्यांनी निमूटपणे कोटाच्या खिशातून एक अंगठा काढला.

पोकळ, रबरी, कातडीच्या रंगाचा अंगठा. खऱ्या अंगठ्यावर टोपणासारखा बसणारा. त्यांनी तो बसवला आणि तिला सगळं दाखवलं, आधी भरभर आणि मग सावकाश. वळी तर्जनीवर निघते, हातावर हात येतो, अंगठा तळव्यात सुटा होतो, वळी त्याच्या पोटात जाते, बोटं गुंफताना तो परत जागेवर बसतो. साधी क्रीम ते खरोखरच लावत, तिचीच चमक दिसायची. खेळ इतका सफाईदार होता की मलमबाईने, स्वतःच्याच फसवणुकीला, टाळ्या वाजवल्या. प्रोफेसर सवयीने किंचित झुकले. मग म्हणाले की एवढं चांगलं औषध फेकून द्यायला जीव होईना, म्हणून बिजागऱ्या.

आता मलमबाईने 'पण का?' असं विचारलं, आणि तेही त्यांना सांगावं लागलं. केस कापणाऱ्याने सांगितलं होतं की या मलमात स्टेरॉईड असतं आणि त्याने कातडी कागदासारखी पातळ होते. त्यात मलम तेलकट, पहिल्या दिवशी लावून बघितलं तर पत्ते हातात ठरेनात. जादूगाराला डोळे नसले तरी चालतात, पण बोटांची कातडी गेली की तो संपला.

"मग मला तसं सांगायचं," मलमबाई म्हणाली.

"कसं सांगू? दिवसभर लोकांचे हात बघून दमून येतेस, आणि दारातून आत आल्या आल्या आधी माझे हात बघतेस. तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. फसवणं सोपं वाटलं, ते तर मला येतंच."

मलमबाईचा राग तिथेच विरघळला. ती काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि सून आता पडद्याआडची झाली आहे हे त्यांनी टोपीवरून ओळखलं. मग काय विचारता. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. न्हाणीघराच्या वरच्या बिजागरीला तर थर बसलाय, कपाटाच्या कुलुपात भरलं, माझ्या शिलाईच्या मशीनला लावलं आणि नवं कापड खराब केलं, अहो स्वतःच्या हातांना तेवढं सोडून सगळ्या घराला लावलंत. प्रोफेसर मान खाली घालून ऐकत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, आणि बिजागऱ्यांचं श्रेय आता परत करावं लागणार हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मलमबाईने त्यांना खोटं काही सांगितलं नाही. केस कापणारा अगदीच चुकीचा नव्हता. कुणालाही न विचारता, वाटेल तेवढं, महिनोन् महिने थापत राहिलं तर कातडी पातळ होऊ शकते. म्हणून तर बोटाचं माप असतं, म्हणून डॉक्टर मधून मधून बघतात, कमी करतात, थांबवतात. आणि नाणं पडलं ते पातळ कातडीने पडलं नव्हतं. ते पडलं या जाड झालेल्या, चिरलेल्या कातडीने, जिला नाण्याची कड कळेनाशी झाली होती. तेलकटपणाचं म्हणाल तर औषध झोपण्याआधी, वर सुती हातमोजे, आणि दिवसा मुरणारी हलकी क्रीम. प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चेहऱ्यावर काही पटल्याची खूण दिसेना. त्यांना बोललेलं कधी पटत नसे, खेळ केलेला पटायचा.

तेव्हा मलमबाईने टोपी सावरली आणि जाहीर केलं की शिष्य आता आपला पहिला खेळ करणार, गुरूने प्रेक्षकांत बसावं. खेळाचं नाव, इसब गायब. हा खेळ एका बैठकीत संपत नाही, काही आठवडे चालतो. आणि प्रेक्षकांसाठी नियम जुनाच, जो प्रोफेसर स्वतः पहिल्या रांगेतल्या कारट्यांना दटावून सांगत आले होते: जादूगाराच्या कामात प्रेक्षकाने हात घालायचा नाही.

प्रोफेसर फसले. स्वतःच्या नियमात असे फसले की हलता येईना. त्यांनी तो रबरी अंगठा खिशात टाकला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

मग रोज जेवणं झाली की त्या घरात खेळ होऊ लागला. सासूबाई बिस्किटांच्या डब्यावर ताल धरायच्या, आणि इतकी वर्षं पेटीत आडवं पडून ऐकलेला ताल त्यांना स्वतःला वाजवायला मिळाल्याने त्या जरा जास्तच वाजवायच्या. नवऱ्याकडे दिव्याचं बटण. दिवा जायचा, दिवा यायचा, आणि टोपीतली मलमबाई तर्जनी उंच धरून उभी असायची, त्यावर मापाची वळी. ती प्रोफेसरांच्या हातावर औषध पसरायची, बोटांच्या बेचक्यांत, सांध्यांवर, अंगठ्याच्या मुळाशी. सासूबाई हातमोजे घेऊन यायच्या. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले की तुमच्याकडे रोज कसला समारंभ असतो, तेव्हा चौघांनीही मूग गिळले.

चिरा भरल्या. लाली उतरली. आणि एक दिवस स्वयंपाकघराचं दार कुरकुरलं. मलमबाईचा जीव भांड्यात पडला. त्यामागोमाग न्हाणीघर किंचाळलं, गॅलरी कण्हली, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं बोलकं झालं. नवरा म्हणाला, तेल आणतो. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पण खाज थांबली तशी प्रोफेसरांनी हात मागे घेतला. झालं की, प्रेक्षकांना पटलं, आता पडदा पाडा. मलमबाईला हे दिवसभर ऐकायची सवय होती, आणि इस्पितळात तिच्याकडे त्यावर एक लांबलचक उत्तर होतं. इथे तिने ते दिलं नाही. तिने नुसतं विचारलं की आईंना पेटीत अर्धं कापून प्रेक्षकांना कधी घरी पाठवलंत का? सासूबाई डबा वाजवायच्या थांबून म्हणाल्या की माझे दोन तुकडे ठेवून जाल तर याद राखा. प्रोफेसरांनी हात परत टेबलावर ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून बघितले आणि चकित झाल्या. कडक औषधाची गरज नाही म्हणाल्या, हेच हळूहळू कमी करत आणायचं, आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, साधी क्रीम मात्र रोज. मग मलमबाईला बाजूला घेऊन विचारलं की असं काय बदललं? मलमबाईची पंचाईत झाली. ती म्हणाली, आधी औषध हातापर्यंत पोचत नव्हतं, आता पोचतं, ते कुठे जात होतं हे सांगता येणार नाही, शपथ घेतलीय. डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, या विभागात दर दुसरा माणूस मलम गायब करतो, तुझ्या सासऱ्यांनी निदान ते कलेने केलं असेल.

हे वाक्य मलमबाईच्या मनात घर करून राहिलं. त्यानंतर ती कुणालाही खुर्चीत बसवलं की लगेच तर्जनी पुढे करेनाशी झाली. आधी विचारायची, या मलमाची भीती कसली वाटते? आणि लोक सांगायचे. वाटाण्यावाले आजोबा म्हणाले की त्यांना ते विषासारखं वाटतं. वाडग्यात मलम ढवळणारा म्हणाला की आधी थांबायला, मग पसरायला, मग सुकायला वेळ कुणाला आहे? तिची खोली आता हळू चालायची आणि रांग बाहेरपर्यंत जायची, पण परत येणारे कमी झाले.

जलसा दुपारचा होता. सभागृह गच्च. विंगेत मलमबाई आणि सासूबाई एकमेकींचा हात धरून उभ्या, आणि सासूबाईंची पकड अशी की मलमबाईलाच औषध लागावं. प्रोफेसर रंगमंचावर आले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात उघडे करून लोकांना दाखवले. हे ते पूर्वीही करायचे, पण आज जरा जास्त वेळ दाखवले. मग नाणं घेतलं. करंगळीवरून निघालं, अनामिकेवर चढलं, मधल्या बोटाच्या सांध्यावर आलं. याच सांध्यावर मागच्या खेपेला निसटलं होतं. मलमबाईने डोळे मिटले. टणटण ऐकू आलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा प्रोफेसरांचे दोन्ही हात रिकामे होते, आणि पहिल्या रांगेतलं तेच कारटं खुर्चीखाली वाकून नाणं शोधत होतं. टाळ्या पडल्या तेव्हा सासूबाई रडत होत्या आणि मलमबाई वेड्यासारखी हसत होती.

घरी परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. दार मोठ्याने कुरकुरलं आणि चौघेही जिथे जागा मिळेल तिथे कोसळले. कुणी गाणं म्हटलं, कुणी टोपी उडवली, नवऱ्याने सुद्धा एक पत्ता गायब करायचा प्रयत्न केला आणि तो त्याच्या बाहीतून सगळ्यांदेखत खाली पडला. जेवणं कशीबशी उरकली. मलमबाई बूट न काढताच खुर्चीत मागे रेलली. आज औषधाचा दिवस होता, हे तिच्या लक्षात होतं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि आजच्या एका दिवसाने काय होतंय असं, इस्पितळात रोज ऐकलेलं वाक्य, तिच्या स्वतःच्याच मनात येऊन गेलं.

टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने मान वळवून बघितलं. प्रोफेसर अंगातला कोट न उतरवता ताठ बसले होते. बाह्या वर, दोन्ही हात टेबलावर पालथे, बोटं फाकलेली. समोर मलमाची नळी मांडून ठेवली होती, आणि नळीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा, तो रबरी अंगठा.

"हा तुझ्याकडे ठेव आता," ते म्हणाले. "आणि लवकर ये. प्रेक्षक केव्हाचा बसलाय."

मलमबाईने अंगठा उचलून आपल्या खिशात टाकला. डोळे पुसले, टोपी घातली आणि ती नाकावरून वर सारली. नवरा बटणाकडे गेला, सासूबाईंनी डबा मांडीवर घेतला, आणि खेळ सुरू झाला.